आईच्या अंगठ्याखालची वायर

मोंतेस क्लारोस, रविवार दुपार

तीर्थस्वरूप आदाउतोमामांना ज्युसेलियाचा नमस्कार. आशीर्वाद द्यावा, या वेळी तो घ्यायला लाज वाटते, तरी द्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? इकडे सर्वांची तब्येत ठीक आहे. (तब्येतीखेरीज काही ठीक नाही.)

आमचा ‘तुकानो’ तुम्हाला माहीतच आहे. दुकानदारसुद्धा आता त्या जुन्या व्हिडिओ गेमचं नाव ऐकून त्याच नावाच्या पक्ष्याबद्दल बोलू लागतात. त्याची एकच कॅसेट उरली आहे, होड्यांच्या शर्यतीची. रविवारचं जेवण झालं की आईबाबा ती खेळतात आणि हरेल तो भांडी घासतो. कंट्रोलरच्या वायरी आखूड, म्हणून दोघं टीव्हीपुढच्या बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसतात. आईची होडी मागे पडली की ती पायाच्या अंगठ्याने बाबांची वायर ओढते. बाबा तिला चोरांची राणी म्हणतात, ती त्यांना भोक पडलेली होडी म्हणते, आणि आठवडाभर न बोललेलं सगळं तिथेच बोलून होतं.

मी घरातली पहिली शिकलेली. (शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची अडचण पटकन दिसते, ती नसली तरी.) दोघांच्या पाठी अवघडतात म्हणून मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खपून बिनवायरचे दोन कंट्रोलर बनवले. जुने तुमच्याकडे धाडले, आतल्या तांब्याच्या तारेसाठी खुशाल सोला, असं ऐटीत कळवून.

मग बाबा बाकड्यावरून खुर्चीत गेले, खुर्चीतून अंगणात टांगलेल्या झोळीत, आणि खिडकीतून खेळू लागले. आई चुलीपाशी राजमा ढवळत खेळू लागली. एकदा तिचा कंट्रोलर कसावाच्या पिठाच्या डब्यात सापडला. मी त्याची बटणं दातांच्या ब्रशने साफ केली; तिला वाईट वाटलं ते पिठाचं. बघा, किती मोकळं झालं, असं मीच वर म्हणत होते. अंगठा पोचेना, तेव्हापासून बाबा दर वेळी जिंकतात आणि आई मुकाट्याने भांडी घासते.

गेल्या रविवारी बाबांनी कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “पोरी, जिंकलो खरा. पण शेजारी चिडायला कोणी नव्हतं गं.”

आई नळाजवळून म्हणाली, “तिला काही बोलू नका. जीव लावून केलंय तिने.”

मामा, ओरडली असती तर बरं झालं असतं. आज दोघांनी टीव्ही लावलाच नाही. बाकड्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवलेत, ते रिकामं दिसू नये म्हणून.

तुमची भाची,
ज्युसेलिया

ता. क. गुडघ्याची चौकशी मनापासून होती, पण पत्र त्यासाठी नाही. जुने कंट्रोलर सोलले नसतील तर कृपा करून बसने पाठवा.

ता. क. आई मागे उभी राहून वाचते आहे. ती लिही म्हणते ते लिहिते: “सोलले असशील तरी एक तुटकी वायर पाठव. या नव्यालाच बांधू. खेळायला नकोय, ओढायला हवी.” झोळीतून बाबा सांगताहेत, आखूडच पाठवा.