धक्क्यावरची पंगत

४ मे
पोचलो एकदाचा! आटपाडीहून पाटणपर्यंत एसटी, मग जीप, मग पाऊण तास लाँच. आजोबांनी मेंढरांमागे अर्धा मुलूख पालथा घातला, पण एवढं पाणी त्यांनीही पाहिलं नसेल. आमच्याकडे मे महिन्यात माणसं टँकरची वाट बघतात, आणि इथे कोयनेचं बॅकवॉटर डोंगराडोंगरात घुसलेलं. भोवती जंगल. वाडी एकच, ती वर टेकडीआड.
काम सोपं. लाँच लागायला दगडी धक्का आणि पाण्यापर्यंत पायऱ्या. मी तात्पुरता सुपरवायझर. हाताखाली आकाराम मिस्त्री, चार गडी, आणि स्वयंपाकाला वाडीतल्या शालूबाई. फोनला रेंज फक्त टेकडीवर. चढून मंगलला फोन केला. सातवा लागल्यापासून ती पाटणला माहेरी आहे. वीस तारखेला डोहाळजेवण, तोवर काम उरकून यायचंच, असा हुकूम सुटला. म्हणाली, लय भूक लागती. हल्ली कुणी 'या जेवायला' म्हटलं की ती 'होऊ द्या' म्हणतच नाही, चपला काढून सरळ पाटावर बसते. पाटणभर नाव होणार आमचं!

७ मे
दगडाची लाँच आज येणार, उद्या येणार. तीन दिवस नुसता खेळ चाललाय. ठेकेदार फोन उचलत नाही. गडी सावलीत तंबाखू मळतायत आणि वीस तारीख काही थांबणार नाही.
पाणी रोज वीतभर उतरतंय. खाली बुडालेल्या गावातलं एक जोतं उघडं पडलं. काय घडीव दगड! मी म्हटलं, हेच उपसा. आकाराम मिस्त्री अडून बसला. माणसं राहिलेल्या घराचा दगड हाय, पायरीला नगं, असं म्हणाला. मी लय तापलो. दगड तो दगड, त्याला काय कळतं, आपण जातं आहोत की पायरी? संध्याकाळपर्यंत पाच पायऱ्या बसल्या. मिस्त्री माझ्याशी बोलत नाही.

९ मे
दुपारी खालच्या पायरीवर डबा सोडला. पाठीमागे कुणी आल्यासारखं वाटलं, म्हणून न वळताच सवयीनं म्हटलं, या जेवायला. कुणीही म्हणतं. समोरचा 'होऊ द्या' म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. आजवर या बोलण्यावर कुणी येऊन बसल्याचं मी पाहिलेलं नाही.
बाईमाणसाचा आवाज आला, आले.
वळलो तर कुणी नाही. वरचे सगळे गडी झोपलेले. मान फिरवून पाहतो तर डबा रिकामा. मी एकच घास खाल्ला होता. शेजारची पायरी ओली होती, बसलेल्या माणसाएवढी.

११ मे
कालही उपास, आजही उपास. डबा उघडतो, भाकरी भिजून गाळ झालेली, कालवणाला तळ्याचा वास. शेडमध्ये बसून जेवलो तरी तेच. शालूबाईंवर ओरडलो, गड्यांवर चोरीचा आळ घेतला. भांडणात अर्धा दिवस गेला. पोट जळतंय, आणि काम जागचं हलत नाही. स्वतःचाच राग येतो.

१४ मे
शालूबाईंना अखेर सगळं सांगितलं. सासूकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं. पाणी चढलं तेव्हा एक घर उठलंच नाही. सात माणसं. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा ताटं वाढलेली होती, ती तशीच राहिली. त्याच घराचे दगड मी रचले, आणि वर जेवायला बोलावलं.
जेवलेला माणूस उलट बोलावतो, ही रीत हाय, असं त्या म्हणाल्या. तुमाला बी बोलावणं येईल. होऊ द्या म्हना. पायरीवर बसू नगा.
गडी ऐकत होते. संध्याकाळच्या लाँचनं मिस्त्रीसकट सगळे गेले. शालूबाई वाडीकडे.

१६ मे
ठेकेदार म्हणतो, नवे गडी देईपर्यंत सिमेंट राख. लाँच आता वीसलाच. मी काय पोत्यांचा नवरा आहे?
मंगलला सांगितलं, डोहाळजेवणाला पोचणं होत नाही. आधी रडली. मग म्हणाली, तुमी येत न्हाई तर मीच येती, वीसच्या लाँचनं, डबा घेऊन. नको, असं ओरडलो, तोवर फोन बंद. चार्जिंग संपलं. जनरेटरचं डिझेल गडी घेऊन गेले, वाडीत वीजच नाही. मंगल, येऊ नकोस गं.

१८ मे
भर दुपारी पायऱ्यांवरून आवाज. या जेवायला.
होऊ द्या, म्हटलं. तीनदा बोलावलं, तीनदा म्हटलं.
मग पहार घेऊन पायऱ्याच उपसायला गेलो. दगड हलला नाही. मी घसरलो, घोटा गेला. सरपटत शेडमध्ये आलो.

१९ मे
बोलावणं नाही. दिवसभर भांड्यांचे आवाज. खाली कुणीतरी वाटण वाटतंय —
भाकरीचा खरपूस वास. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

२० मे
अकरा. सरपटत धक्क्याच्या माथ्यावर आलोय. वही सोबत आहे. हात हलता ठेवला नाही तर वेड लागेल.
पंगत बसलीय. सात जणं, ओली, पाठमोरी. मध्ये एक पान मोकळं. त्याला रांगोळी काढलीय. पानाशेजारी छोटी वाटी. बाळाची —
माझ्यासाठी पान नाही.

लाँच दिसली. पुढे मंगल, हिरवं लुगडं. ओरडतोय. इंजिनात ऐकू —
लागली. ती उतरली. मला पाहून हसली, हात केला. मागे फिर —
पंगतीतल्या बायकांनी वळून तिला म्हटलं, या बाई जेवायला.
होऊ द्या म्हण, मंगल. एकदा म्हण —
थांबली. पानाकडे बघतेय.
चपला काढते —