उघाडीच्या फळ्या

सर, आज मी दिवा स्टेशनच्या पुढे, खाडीकाठच्या त्या काकांच्या ओटीवर बसून आले. तुम्ही गेल्याला नऊ वर्षं झाली आणि तुमच्यामागे ही माझी पहिलीच खेप.

कॉलेजात असताना तुम्ही मला तिथे न्यायचात. भाताची कापणी उरकलेली असायची. बांधातल्या उघाडीतून शेतातलं पाणी खाडीत सुटतं. तिच्या फळ्या होळीपर्यंत काढू नका, एवढंच तुमचं मागणं. घोटाभर पाणी राहिलं की दूर उत्तरेकडून आलेले तुतवार पक्षी तिथे हिवाळाभर चरतात. "मासा खात नाय आणि पाण्यावर केवढा जीव ह्या मास्तरांचा!" काका दरवर्षी हसायचे आणि दरवर्षी हो म्हणायचे. एकदा परतताना मी म्हटलं, ते हो म्हणणारच आहेत, मग दरवेळी कशाला जायचं? तुम्ही चिडलात. "जमीन त्यांची आहे. घरी जाऊन विचारायचं असतं."

शेवटच्या वर्षी तुम्ही ठाण्याला हॉस्पिटलात होतात आणि विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी डोंबिवलीत सोफ्यावर बसून काकांना मेसेज टाकला: यंदाही पाणी ठेवाल ना? पुढे जोडलेले हात. निळ्या टिक्स आल्या, उत्तर आलं नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. वेळ होता. तुमच्याशिवाय त्या ओटीवर बसून काही मागायचा मला संकोच वाटत होता, की कंटाळा, हे अजून ठरवता येत नाही. त्या वर्षी फळ्या निघाल्या, चिखल भेगाळला आणि पुढच्या वर्षी त्यावर भराव पडला. आता तिथे गोडाऊन आहे.

"मेसेज बघितलेला गं," काका आज म्हणाले. "म्हटलं, मास्तर आजारी, पोरगी येईल. आठ दिवस थांबलेलो." मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवत, "भराववाले मात्र घरी आले विचारायला."

गोडाऊनमागचा एक तुकडा अजून ओला आहे. त्याचं मी विचारलं. "बघू," म्हणाले. पुन्हा जाईन.

हे पत्र तुमच्याच पक्षीनोंदीच्या वहीत ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलात तुम्ही विचारलं होतंत, "जाऊन आलीस? काय म्हणाले?" मी म्हटलं, "नेहमीचंच. मासा खात नाय आणि पाण्यावर केवढा जीव."

तुम्ही हसलात, सर.