चुकीला खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय चौपन्न, पेशा शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र करते. मुख्याध्यापकांचं दडपण रोजचंच आहे. ते धरू नये. तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा कोणी घाई करू नये.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या भाचीला, धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. ती यंदा आमच्याच शाळेत, माझ्या शेजारच्या वर्गावर लागली. पोरगी हुशार, पण जन्मभर मोठ्यांना ‘हो’ म्हणत आलेली. ती उत्तरं सांगते आणि अख्खा वर्ग मान खाली घालून उतरवतो. भिंतीतून मला फक्त पेनं ऐकू येतात.

माझ्या वर्गाचा रिवाज वेगळा. फळ्यावर रोज एक वाक्य मी मुद्दाम चुकीचं लिहिते. जो ते पकडून पटवून देईल, त्याला घंटा होईपर्यंत माझी खुर्ची, मी उभी. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, पालक काय म्हणतील?” मी म्हटलं, “सर, पालकांची मुलं पकडतात. तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र वहीत उतरवून घेतलं होतं.”

२. वरील देणं कोणत्याही कारणाने रद्द ठरल्यास घर भावाकडे जाईल. तो तिथे क्लास काढेल. भिंतीलगत किती बाकं बसतील हे त्याने माझ्यादेखत पट्टी लावून पाहिलंय.

३. भावाने छापलेली आणि मला भेट दिलेली सगळी गाइडं त्याला परत. एकाचंही पान दुमडलेलं नाही, कारण उघडलेलंच नाही.

४. पुस्तकं शाळेला. समासात मी घातलेले वाद खोडू नयेत.

साक्षीदार: खालचा स्टेशनरीवाला आणि माझी भाची.

पुरवणी, त्याच दिवशी: दोघांना सहीला बोलावलं. स्टेशनरीवाल्याने न वाचताच सही ठोकली. बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणाला. भाचीने पेन उघडलं, वाचत गेली, आणि पेनाला टोपण लावलं.

“आत्या, घर मला मिळणार आणि साक्षीदारही मीच? मग ते देणं रद्द होईल ना?”

मी म्हटलं, वकिलांनी तपासलंय, तू सही कर.

“तपासू दे त्यांना. चुकलंय. मी नाही करणार.”

कान तृप्त झाले. वकिलांनी तपासलं होतंच. तेही हीच चूक काढून माझ्यावर वैतागले होते. मी खुर्चीतून उठले. भाची बसली, आणि वर म्हणाली, “आता चहा टाक.”

सबब, साक्षीदार म्हणून भाचीचं नाव रद्द. तिच्या जागी मुख्याध्यापक. स्टेशनरीवाल्याने पुन्हा सही केली, पुन्हा न वाचता. मुख्याध्यापक मात्र दोनदा वाचून विचारताहेत, “बाई, आणखी कुठे चूक ठेवलीय का?” मी सांगितलेलं नाही.

साक्षीदार:
१. स्टेशनरीवाला (सही)
२. मुख्याध्यापक (सही, बऱ्याच विचारान्ती)

स्थळ: राहतं घर. दिनांक: चाचणी परीक्षेच्या आधीचा रविवार.

करून देणार: बाई (सही)
सही वाकडी आली आहे, ती माझीच समजावी. उभ्याने केली, खुर्ची रिकामी नव्हती.