गेटपासावरचा नंबर

आप्पा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय तेही प्रेमाचा उमाळा वगैरे आला म्हणून नव्हे. सकाळपासून मला माझीच शिसारी आली आहे. समोर टेबलावर मासे धरायचं एक जपानी रीळ चकचकतंय, त्याच्याकडे बघवत नाही. आज सकाळी मी तुमचं अक्षर खोटं पाडलं, आप्पा. तुमचं, ज्यांनी उभ्या जन्मात एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. कसं पाडलं ते सांगतो, पण आधीपासून सांगावं लागेल, नाहीतर मी किती खालच्या थराला गेलो ते तुम्हाला समजायचं नाही.

अलोऱ्याच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? रविवारी सकाळी आई अंघोळीला गेली की तुम्ही तिची डाळ वाढायची पळी घेऊन स्टोव्हपाशी बसायचात आणि तिच्यात शिसं वितळवायचात. परातीत ओली वाळू, तिच्यात बोटाने केलेले खळगे, त्यात ते शिसं ओतायचं आणि गळाची वजनं तयार. आई बाहेर आली की ओरडायची, ‘‘मेलं ते शिसं! पुन्हा माझीच पळी? आता काय मुलांना विष वाढू?’’ आणि तुम्ही शांतपणे म्हणायचात, ‘‘अगो, ही तुझी जुनी पळी. नवी आणली ना तुला.’’ पोफळीच्या पॉवरहाऊसच्या आवारात केबलींचं शिसं ढिगाने पडलेलं असायचं. फिटर माणूस तुम्ही, खिशातून आणलंत तरी कोणी विचारलं नसतं. पण तुम्ही शिसं आणायचात चिपळूणच्या भंगारवाल्याकडून, विकत. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटायचा.

मी पाचवीत असताना वर्कशॉपमागच्या ढिगातून बेअरिंगचे चार छर्रे उचलून आणले होते, गोट्या खेळायला. तुम्ही मारलं नाहीत. जेवणाच्या ताटावरून उठवलंत आणि गेटपर्यंत चालवत नेलंत. स्वतः गेटपासून वीस पावलं अलीकडे थांबलात. ‘‘तू आणलंस, तूच देऊन यायचं. आणि नोंद करायला सांग.’’ गेटवरचा वॉचमन हसून हसून बेजार झाला, ‘‘राहू दे रे पोरा, भंगारच आहे ते.’’ पण तुम्ही तिथेच उभे, हाताची घडी घालून. शेवटी त्याने वहीत लिहिलं, छर्रे, नग चार, परत. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, ‘‘गेटातून आलेली वस्तू कागदाशिवाय आपली होत नाही.’’ मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही.

आणि मग तो जपानी साहेब. मशीन बसवायला आलेला, वर्षभर राहिलेला. भाषेच्या नावाने बोंब, पण रविवारी तुमच्याबरोबर वाशिष्ठीच्या काठावर येऊन बसायचा. तुम्ही हातात दोरी धरून गळ टाकणारे, तो काठी आणि रीळ घेऊन. तुम्हाला शेंगटी मिळायची, त्याला काहीच नाही, आणि दोघं खो खो हसायचात. जाताना त्याने ते रीळ पॉवरहाऊसमध्येच तुमच्या हातात ठेवलं. दुसरा कोणी ते डब्याच्या पिशवीत घालून घरी आला असता. तुम्ही आधी गेटपास करायला बसलात! ‘मासे धरण्याचे रीळ, नग एक, जपानी, भेट मिळालेले’ आणि खाली रिळाच्या पायावर कोरलेला नंबर, जसा होता तसा इंग्रजी आकड्यांत, भिंगाखाली दोनदा वाचून. साताच्या पोटात आडवी रेघ, कोणी एक वाचू नये म्हणून. साहेबाने त्यावर सही केली, वॉचमनने शिक्का मारला, आणि मग तुम्ही ते रीळ ताठ मानेने घरी आणलंत. रीळ आणि तो कागद एकाच बिस्किटाच्या डब्यात राहिले, निवृत्तीनंतर आपण रत्नागिरीला आलो तेव्हाही. भाट्याच्या पुलावर तुम्ही ते वापरायचात, घरी येऊन गोड्या पाण्याने धुवायचात, शिलाई मशीनचं तेल द्यायचात. सत्तरीतही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवणारा माणूस तुम्ही, एवढासा स्क्रू तुमच्या हातून कधी हरवला नाही.

तुमचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मी ते रीळ देऊन टाकलं. पुण्याच्या एका हौशी गृहस्थाला जुनं हवं होतं, त्याने बदल्यात नवं, हलकं, झुळझुळीत फिरणारं दिलं. डब्यातला कागद पाहून तो म्हणाला, ‘‘हा ठेवा तुम्हाला.’’ मी ठेवला. तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही.

पुढे माझं हे वेड वाढलं. तुम्हाला वाटेल पोरगा मासे धरायला शिकला. छे! आमचा फोनवर एक गट आहे, पन्नाशीचे बाप्ये सगळे. जपानी दुकानांची पानं फोनवर उघडायची, फोन जसं मोडकंतोडकं भाषांतर करील ते वाचायचं, लाळ गाळायची. तिथली बरीच दुकानं देशाबाहेर माल पाठवत नाहीत, म्हणून तिथल्या एका एजंटाच्या गोदामाचा पत्ता द्यायचा, तिथे खोकी साठवायची आणि मग ती इकडे मागवायची. काठी एका तुकड्याची असली तर पार्सलच्या लांबीत बसत नाही, मग हळहळायचं. खोकं आलं की ते उघडतानाचा व्हिडिओ. ‘‘आहाहा, आवाज ऐका हँडलचा!’’ समुद्र अर्ध्या तासावर आणि ही माणसं सोफ्यावर बसून हँडल फिरवतायत. कधी चुकून गेलेच तर तांबोशीच्या जबड्यातून गळ उपटायचा, तिला उन्हात धरून दहा फोटो काढायचे, ती तोंड वासतेय आणि हे दात काढतायत. मग अर्धमेली करून पाण्यात सोडायची आणि वर पुण्य केल्याचा आव. शी! आणि यांच्यात सगळ्यात पुढे मी, बरं का. माझ्या कपाटात एकवीस रिळं आहेत आणि गेल्या पावसाळ्यापासून घरी माझ्या हातचा एक मासा शिजलेला नाही.

यंदा मला तुमच्या रिळाचंच मॉडेल दिसलं, जुन्या वस्तूंच्या जपानी साइटवर. तुमच्या आठवणीने घेतलं म्हणालो तर जीभ झडेल. गटात आता जुन्याची टूम निघाली होती म्हणून घेतलं. ‘आहे त्या स्थितीत’ असं स्पष्ट लिहिलेलं असून मी वाचलं नाही. हातात आलं तर दोरा गुंडाळायचं स्पूल तडकलेलं. तसलं स्पूल शोधता शोधता एका लहानशा गावातल्या दुकानात एकच शिल्लक सापडलं. मालक म्हातारा. परदेशात पाठवत नाही, एजंटालाही देत नाही, जुने सुटे भाग ज्यांच्याकडे रीळ आहे त्यांच्यासाठीच ठेवलेत, असं त्याने नम्रपणे कळवलं.

तेव्हा मी तुम्हाला पुढे केलं, आप्पा. पत्र लिहिलं, फोनकडून जपानीत करून घेतलं. माझे वडील पॉवरहाऊसमध्ये फिटर होते, तुमच्या देशाच्या एका इंजिनिअरने त्यांना हे रीळ दिलं, त्यांनी ते जन्मभर जपलं, आता त्याचं स्पूल तडकलंय. सोबत गेटपासाचा फोटो. आणि खाली ठसक्यात लिहिलं की हा कागद वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. प्रत्येक गोष्ट खरी, फक्त रीळ तुमचं नव्हतं.

पंधरा दिवसांत पार्सल आलं. स्पूल मऊ कागदात गुंडाळलेलं, आणि बरोबर उदबत्तीचा छोटा पुडा, आपल्यासारखी काडी नसलेली, बारीक. चिठ्ठीत लिहिलं होतं, पैसे नकोत, ही उदबत्ती वडिलांसमोर लावा आणि जमलं तर दुरुस्त झालेल्या रिळाचा एक फोटो पाठवा. मी स्पूल बसवलं. तुमच्या तसबिरीचा हार नीट केला, पुढ्यात रीळ ठेवलं, उदबत्ती पेटवली, धूर बरोबर वर जाईपर्यंत थांबलो आणि चार-पाच फोटो काढले, एक अगदी जवळून, रिळाच्या पायासकट, गटात टाकायला. मग उदबत्ती विझवून पुड्यात परत ठेवली आणि सगळे फोटो त्या म्हाताऱ्याला धाडले. तुमची सून दारात उभी होती. ‘‘अहो, फोटोपुरती उदबत्ती?’’ म्हणाली. ‘‘आणि हे आप्पांचं कुठलं? ते तर तुम्ही देऊन टाकलंत ना?’’ मी म्हटलं, ‘‘तुला कळत नाही त्यातलं.’’ ती आत गेली. दोन दिवस झाले, कामापुरतं बोलते.

काल त्या म्हाताऱ्याचं उत्तर आलं. फोटो पाहून डोळे भरले म्हणतो. आणि शेवटी, फार आढेवेढे घेत, की कागदावरचा नंबर आणि रिळाच्या पायावरचा नंबर जुळत नाही. भेट मिळाल्याच्या आनंदात आपल्या वडिलांच्या हातून आकडे चुकले असावेत, मी उगाच लक्षात आणून दिलं, क्षमा असावी. त्याला कळलंय, आप्पा. आयुष्यभर रिळांचे पाय बघितलेला माणूस तो. मी बाहेर पडावं म्हणून त्याने दार किलकिलं ठेवलंय, आणि त्या दारात उभं केलंय तुम्हाला.

आता मी खरं तर त्यालाच पुन्हा लिहायला बसलो होतो, सगळं ओकून टाकायला. ‘आदरणीय महोदय’ एवढं लिहून झालं आणि हात थांबला. तो उलट लिहील, तुम्ही लिहिणार नाही, म्हणून वहीचं पान उलटून तुम्हाला लिहायला घेतलं. एवढाच माझा दम. हे पान घडी करून त्या बिस्किटाच्या डब्यात, तुमच्या कागदाखाली ठेवीन.

सकाळी त्याला काय उत्तर धाडलं ते अजून सांगितलं नाही. दोनच ओळी होत्या. आपलं म्हणणं बरोबर आहे. वडिलांची नजर तेव्हा फार अधू झाली होती.