माझ्या जन्माचं विमान

प्रिय आई,

हे पत्र तुला शेजारच्या उस्तीन्या मावशी वाचून दाखवणार, हे मी धरूनच चालले आहे. तेव्हा आधी दोन शब्द त्यांच्याशी. मावशी, चष्मा पुसून घ्या, चहाचा पेला बाजूला ठेवा आणि लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा. मधलं गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय, त्याचं कारण शेवटी कळेल. शेवट आधी वाचायचा नाही. तुमची सवय मला ठाऊक आहे.

आई, हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन मोठा हुशार आहे. डोळ्यांचा विषय निघाला की त्याची रेंज जाते. परवा म्हणे कुंपणावर वाळत टाकलेल्या कोटाशी तू बराच वेळ गप्पा मारत होतीस आणि कोट उत्तर देईना म्हणून रुसून घरात गेलीस. ऐकून मी खूप हसले आणि मग डब्यातल्या चहाच्या समोवारात पाणी भरता भरता रडले. मोतीबिंदू पिकलाय, अर्खांगेल्स्कला या, छोटंसं काम आहे, असं डॉक्टरने मागेच सांगितलं. त्यावर तू म्हणालीस, बघायचं होतं ते बघून झालंय. नदी आटल्यामुळे बोट बंद, हिवाळ्यातल्या बर्फाच्या रस्त्याने ट्रकमध्ये आदळत जायला तुझी कंबर तयार नाही, आणि उरलं ते छोटं विमान. त्याचं नाव काढलं की तू उठून शेळीकडे जातेस.

आता माझी खबर. आमची गाडी एखाद्या शहरात पोचली की परत निघेपर्यंत रेल्वेच्या डब्यांवर कामाला असलेल्या आम्हा बायकांना मोकळा वेळ असतो. बाकीच्या झोप काढतात नाहीतर बाजार हिंडतात. तुला वाटतं, मीही तेच करते. मी गेली दोन वर्षं विमानं शोधत हिंडते आहे. आपल्या देशात कुठल्याही गावात उतरावं आणि पहिल्या म्हातारीला विचारावं, इथे जुनं विमान कुठे उभं आहे, तर ती आधी आपल्याला वेड्यात काढते आणि मग बस नंबरसकट पत्ता सांगते. उल्यानोव्स्कच्या संग्रहालयात दारावरच्या बाईने माझ्या बुटांवर निळ्या पिशव्या चढवायला लावल्या आणि मी जाईन तिथे मागे मागे येऊन ‘हात लावायचा नाही’ म्हणून बजावत राहिली. मी म्हटलं, मावशी, मी असल्याच एका विमानात जन्मलेय. ती म्हणाली, ‘मग काय, आहेर करू? मीसुद्धा गाडीत जन्मले असते, आईला तिकीट मिळालं नाही म्हणून घरी जन्मले.’ मग तिनेच डब्यातला कोबीचं सारण भरलेला पिरोग काढून मला अर्धा दिला.

सारातोवला टेकडीवर जुनी विमानं रांगेत उभी आहेत, आणि शनिवारी तिथे नवऱ्यामुलींचीही रांग असते. एकीची डोक्यावरची जाळीची ओढणी विमानाच्या पंख्याच्या पात्यात अडकली, तर नवरदेव नव्या कोटासकट वर चढला आणि सासूबाई खालून सांगत होत्या, ‘ओढणी राहू दे, आधी पँट सांभाळ.’ माझ्या हातात कुणीतरी पुष्पगुच्छ दिला आणि तसाच फोटो काढला, त्यात मी नवऱ्यामुलीच्या शेजारी. मोनिनोला एक हेलिकॉप्टर आहे, आपली शाळा त्याच्या पोटाखाली मावेल. तिथल्या एका पेन्शनर आजोबांनी मला प्रत्येक खिळ्याची हकिकत सांगितली आणि मी पळत जाऊन कशीबशी गाडी गाठली. एका गावात विमानाच्या पोटात उपाहारगृह आहे. तिथे कप्तानाच्या खुर्चीत बसून मी खिम्याचे तीन तळलेले चेबुरेक खाल्ले आणि तूप कोपरापर्यंत ओघळलं. आई, फार मजेत गेले गं हे दिवस. पण मी मजेसाठी हिंडत नव्हते. मला आपलं ते छोटं विमान हवं होतं, चार पंखांची अन्नुश्का.

आणि ती सापडणं किती कठीण ते ऐक. आपल्या लोकांना मे महिन्याच्या सणाआधी एक खूळ चढतं. जे जे जागचं हलत नाही त्याला नगरपालिका रंग फासते. बाकं, कठडे, झाडांची खोडं आणि विमानं. रंग कुठला, तर जो उरलाय तो. त्याखाली जुना नंबर जातो, आणि मग रंगाऱ्याला आवडेल तो नंबर वर येतो. एका क्लबाच्या अंगणात दोन अन्नुश्का शेजारी शेजारी उभ्या, दोन्हींवर एकच नंबर. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, साचा एकच होता. तेव्हा तू लहानपणापासून माझ्याकडून घोकून घेतलेला त्या विमानाचा नंबर काही कामाचा उरला नाही. कामाची होती ती तुझी गोष्ट.

ती तू इतक्यांदा सांगितली आहेस की मला वाटतं, मी तेव्हा शुद्धीत होते. नदीचा बर्फ फुटत होता, ना बोट चालायची ना घोडा. तुझ्या कळा वाढल्या तशी रिम्मा नर्सने विमान मागवलं. झाखार इल्यिच वैमानिक तुला बघून म्हणाला, ‘बाई, अर्धा तास दम धरा.’ तू त्याला जे उत्तर दिलंस ते मी इथे लिहीत नाही, कारण मावशी ते चवीने वाचतील. वीसच मिनिटांत मी आले, ढगांच्या वर. खाली उतरल्यावर झाखार इल्यिचने स्वतःचा मासे तोलायचा काटा दाराजवळच्या आकड्याला अडकवला, मला टॉवेलात घालून तोललं आणि खिळ्याने तिथल्या पत्र्यावर काहीतरी कोरलं. तू म्हणतेस तीन किलो सातशे. रिम्मा नर्स म्हणायची, टॉवेल ओला होता, तीन किलो तीनशेच्या वर एक ग्रॅम नाही. या वादात तुमची निम्मी हयात गेली. मग तालुक्याच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो आला आणि तू आपल्या झारेच्ये गावातली आभाळात बाळंत झालेली एकमेव बाई झालीस. अजूनही अनोळखी माणूस दिसला की दुसऱ्या वाक्याला तू तिथे येतेस.

पण एक गोष्ट तू कधीच सांगितली नाहीस. ती मला दोन हिवाळ्यांपूर्वी मावशींनी न्हाणीघरात सांगितली, कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घालून. ती शपथ मी इथे मोडते आहे. मावशी, रागावू नका, वाचत राहा. मी जन्मले तेव्हा रडले नाही, निळी पडले होते, आणि विमान हेलकावत होतं. तेव्हा तू देवाला म्हणालीस, हिला रडू दे, आम्ही दोघी पुन्हा कधी आभाळाच्या वाटेला जाणार नाही. आणि मी रडले. पुढच्याच वर्षी बाबा नदीत बुडून गेले, तेव्हापासून तर तुझी खात्रीच झाली, की वर कुणीतरी चोख हिशेब ठेवतंय. म्हणून शाळेच्या सहलीला सगळी मुलं विमानाने गेली आणि मला ताप नसताना ताप आला. म्हणून मी रेल्वेत लागले तेव्हा तू आनंदाने मासळीचा पिरोग केलास. आणि म्हणून आता तू आंधळी व्हायला तयार आहेस, पण विमानात पाय ठेवायला नाही. माझ्या जिवाचं मोल तू डोळ्यांनी चुकवणार असशील, तर तो जीव मला गोड कसा लागेल?

मी आधी आमच्या स्टेशनजवळच्या चर्चमधल्या पाद्रीबाबांना विचारलं. ते दाढीत हसले आणि म्हणाले, ‘बाळंतवेणांतले नवस देवाने धरले असते, तर कुणालाच दुसरं मूल झालं नसतं.’ हे तुला सांगून उपयोग नव्हता. तू म्हणाली असतीस, त्या बाबाला काय कळतंय, तो कधी बाळंत झालाय? म्हणून वाटलं, ते विमानच शोधावं, तुला पटेल असं काही असेल तर तिथेच असेल.

आणि मग गेल्या आठवड्यात ती सापडली. सिक्तिव्करच्या अलीकडे एक लाकूडगिरणीचं गाव आहे, तिथल्या मुलांच्या बागेत. अंगाला बाकांचा हिरवा रंग, शेपटीवर कुणीतरी काढलेलं बदक. बागेची चावी नोन्ना नावाच्या बाईकडे. ती म्हणाली, आत विमान नाही, अडगळ आहे. खरंच होतं. बर्फ ओढायची फावडी, झाडू, आणि अगदी दारापाशी नववर्षाच्या थंडीआजोबांचा पुठ्ठ्याचा पुतळा. नोन्ना म्हणाली, ‘आजोबांना धक्का लावू नका, नाक आधीच एकदा चिकटवलंय.’ आम्ही दोघींनी मिळून आजोबांना सन्मानाने बाहेर काढलं. त्यांच्या मागे, दारापाशी, तो काटा अडकवायचा आकडा होता. आकड्याखाली खिळ्याची अक्षरं होती. ‘झारेच्ये. कापितोलिना. मुलगी. ३७००.’ आई, तू जिंकलीस. मी तिथेच खाली बसले आणि नोन्नाने न विचारता थर्मासातला चहा ओतला.

आता नीट ऐक. मावशी, तुम्ही विशेष नीट वाचा. तुझ्या नावाखाली आणखी दोन ओळी आहेत. त्याच हाताच्या, त्याच खिळ्याच्या. पहिली : ‘झारेच्ये. उस्तीन्या. मुलगा. ४१००.’ दुसरी त्याखाली, जरा घाईत : ‘उस्तीन्या. परत. मुलगी. ३५००.’

मावशी, इथे थांबून खोकू नका. पाणी प्या आणि पुढे वाचा.

आई, मावशींचे ग्लेब आणि रीता तालुक्याच्या दवाखान्यात जन्मले, हे आपल्याला कुणी सांगितलं? मावशींनी. ग्लेब आज गावातला सगळ्यात जाडा माणूस आहे आणि रीता दुकानाच्या गल्ल्यावर बसून सगळ्या गावाला ओरडते, म्हणजे दोघांच्याही फुप्फुसांना काही झालेलं नाही. आणि मावशींनी तेव्हा देवाला काय काय कबूल केलं असेल ते त्या आता तुला स्वतः सांगतील. तरी दोन वर्षांनी त्या पुन्हा त्याच विमानात चढल्या. गावात कोंबडीने अंडं घातलं तरी चारजणींना कळतं, आणि ही गोष्ट त्यांनी छत्तीस वर्षं पोटात ठेवली. का, ते मी गिरणीच्या गावापासून विचार करते आहे. बाबा गेल्यावर तुझ्याकडे मी होते आणि ती एक गोष्ट होती. त्यातली ती ‘एकमेव बाई’ची गोष्ट त्यांना तुझ्याकडून घ्यायची नव्हती. मावशी, तुम्हाला मी चहाडखोर म्हणत आले, ते परत घेते. आता चष्मा काढा, तिच्याजवळ जाऊन बसा आणि तुमच्या तोंडाने सांगा. पत्र कुठे पळून जात नाही.

झालं बोलून? मग हा शेवट. आई, आभाळाच्या वाटेला न जाण्याचा नवस तू दोघींच्या नावाने बोलली होतीस. माझा अर्धा वाटा मी आज मोडला. अक्षर वाकडं आहे कारण हे पत्र मी सिक्तिव्करहून अर्खांगेल्स्कला जाणाऱ्या विमानात बसून लिहिते आहे. हात सारखा खुर्ची धरायला जातो, म्हणून त्याच्यात पेन दिलं. पहिल्या पानावर मी फार भ्याले होते, तिसऱ्या पानाशी खिडकीतून पाहिलं तर खाली ढग आणि ढगांवर आमच्या विमानाची सावली, एवढीशी, बरोबरीने पळणारी. तुला ही दाखवायची आहे, आणि त्यासाठी तुझे डोळे हवेत. ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. हे पत्र उद्या गावी येणाऱ्या छोट्या विमानाच्या वैमानिकाच्या हाती देईन, आणि मंगळवारी त्याच विमानातून मी झारेच्येला उतरेन. मावशींना म्हणावं, सामान बांधा, तुम्हीही येताय, तुम्हाला सवय आहे. निघताना प्रवासाच्या रिवाजाप्रमाणे तिघी मिळून क्षणभर बाकावर बसू, मग निघू. तू मात्र धावपट्टीपाशी येऊन उभी राहा. कोण आलंय ते दिसलं नाही तरी चालेल, मी मोठ्याने रडेन, जन्मले तेव्हासारखी, म्हणजे तुला ओळखू येईल.

ही एवढी ओळ मात्र मावशींनी बोटाने दाखवावी. बघा, सरळ आली आहे ना? चाकं टेकली.

तुझीच, पुरत्या तीन किलो सातशेची,
फाया