टिनाखाली दुपारी तीन

२९ मार्च
मनीषनगर ते कन्हान, सुमंत सरांच्या गाडीत तास गेला. स्पर्धेसाठी आमचं गणिताचं मॉडेल — टिनाच्या दोन खोल्यांपैकी मेमध्ये जास्त कोणती तापेल? छताला लावायचा पांढरा रंग एकाच खोलीपुरता मिळालाय. मॉडेल सांगेल तिला रंग. म्हणजे नुसते मार्क नाहीत तर! बरं वाटलं. पण दोन्हीकडे रंगाचं बोलायचं नाही, नाहीतर मापं बिघडतील — सरांची ताकीद.

एक खोली सिंधूताईंचं पाळणाघर. दुसरी, गल्ली ओलांडून, शिलाईवर्ग. बाहेर ३९. पाळणाघरात ३४, कुलर चालू होता. वहीत लिहिलं: कुलर — आहे. शिलाईवर्गात नुसता पंखा, ४०.

५ एप्रिल
प्रीतम माझा जोडीदार. डोकं खातो! तोच थर्मामीटर, जमिनीपासून चारच फूट, दहा मिनिटं थांबायचं, दुपारी तीनलाच. बरोबर आहे म्हणा. निघताना मी दोन्हीकडे फोन करते, म्हणजे दारात ताटकळावं लागत नाही. सिंधूताईंनी पन्हं दिलं. पाळणाघर पुन्हा ३४.

१२ एप्रिल
बाहेर ४१, शिलाईवर्ग ४२.५, पाळणाघर ३५. प्रीतमने आलेख पुढे नेला. बाहेर ४५ झाले की शिलाईवर्ग ४७.५, पाळणाघर ३७.

पाळणाघरात पाच लेकरं, सगळ्यात मोठं तीन वर्षांचं. माझं मन तिकडेच ओढतं. तसं म्हटलं, तर प्रीतम म्हणाला, "तुले वाटते ते वहीत नको लिहू." नाही लिहिलं.

१३ एप्रिल
सरांनी गणित दोनदा तपासलं. चूक नाही.

१६ एप्रिल
पहिला नंबर! मापं घेण्यातली काटेकोर पद्धत परीक्षकांना फार आवडली. प्रीतमने कॉलर ताठ केली.

संध्याकाळी सिंधूताईंना फोनवर रंगाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, त्या बायांचे लय हाल होतात. रुसल्या नाहीत. तरी मलाच कसंतरी झालं. पण आकड्यांसमोर काय बोलणार.

२० एप्रिल
शिलाईवर्गाच्या टिनावर रंग लागला. दोन हात दिले, डबे संपले.

२२ एप्रिल
थर्मामीटर पाळणाघरातच राहिला होता. बाबा कामाने कन्हानला निघाले, त्यांच्यासोबत गेले, फोन न करता. दुपारचे तीन. कुलर बंद, कोरडा. पाचही लेकरं नुसत्या चड्डीवर, ओल्या फरशीवर. थर्मामीटरवर ४३.

मला बघून सिंधूताई आधी बादली घेऊन उठल्या. "फोन कराचा ना वं, पाणी भरून ठेवलं असतं. रोज लावाले एवढं पाणी कुठं हाय? तुमी येता तवाच लावतो कुलर. पावण्याले घामात कसं बसवू?"