हलका हात

४ मार्च १९१२
आज तुरुंगाच्या बायकांच्या विभागात डॉक्टर म्हणून रुजू झाले. या जागेवर मी पहिलीच बाई! खोलीला दोन खिडक्या, न्याहारीला गरम लापशी. पहारेकरीण मिसेस हॅगन म्हणाल्या, आधीच्या डॉक्टरांच्या अंगाला दारूचा वास यायचा, तुमच्या अंगाला साबणाचा येतो. मोठे डॉक्टर प्रॅटही हसतमुख आहेत. बायकांच्या मताधिकाराचा विषय तेवढा फाटकाबाहेर ठेवा, म्हणाले. मी हो म्हटलं.

७ मार्च
मताधिकारासाठी दुकानांच्या काचा फोडलेल्या अकरा जणी आल्या. त्यांत डॉ. ऑगस्टा किंबर! आमच्या शहरातल्या पहिल्या बाई डॉक्टर, माझ्या गुरू. भर सभेत अंगावर सडकी अंडी झेलून भाषण पुरं करणाऱ्या. आता साठी उलटली आहे. त्यांचं वजन घेताना मला वर बघवेना. त्यांनी एवढंच विचारलं, जेवतेस ना वेळेवर?

११ मार्च
अकराही जणी निषेध म्हणून चार दिवस उपाशी. प्रॅट म्हणतात, उद्यापासून नाकातून नळी घालून जबरदस्तीने भरवायचं.

१२ मार्च
हॅगन धरून चौघी पहारेकरणींनी किंबर बाईंना खुर्चीला आवळलं. प्रॅटनी नाकात नळी खुपसली. रक्त आलं. बाई माझ्याकडे वळल्या.
"तू घाल. तुझा हात हलका आहे."
मी घातली. दूध-अंडं ओतलं. त्या सबंध वेळ माझ्याकडे बघत होत्या.

१५ मार्च
रोज दोनदा. मी नाही घातली तर प्रॅट घालतील, असं स्वतःला सांगते. नाक सुजलं म्हणून आज नळी तोंडातून; लोखंडी पट्टीने जबडा उघडताना बाईंचा दात तुटून माझ्या ॲप्रनवर पडला.

१६ मार्च
मी वेळ लावते म्हणून प्रॅटनी नळी हिसकावली. बाईंना ठसका — ओठ निळे — नळी श्वासनलिकेत गेली होती. मी सांगितलं. ते ओततच राहिले. मी पितळी भांडं उचलून त्यांच्या तोंडावर — दोनदा —

१९ मार्च
कोठडी नऊ. प्रॅटना मारलं म्हणून दोन महिने सजा. हॅगननी लपवून पेन्सिल दिली. किंबर बाई काल वारल्या, असं त्यांनीच सांगितलं. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया. मीही खात नाही.

२३ मार्च
शेजारच्या आठ नंबरच्या कोठडीतलं किंचाळणं थांबलं. हॅगन दाराशी रडताहेत — एक घास खा गं, म्हणतात. नाही.
नळी-दुधाच्या गाड्याची चाकं माझ्या दाराकडे येताहेत.
लिहून ठेवते. डॉ. किंबर न्यूमोनियाने गेल्या नाहीत. सोळा मार्च, सकाळी दहा. नळी प्रॅटनी घातली. मी पाहिलं. साक्षीला मिसेस हॅगन आणि —